उद्या घालीन

मनस्विनीचं पत्र येऊन तीन महिने होत आले होते आणि रघुनंदनरावांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. त्याचा विसरही पडला नव्हता. टेबलावरच्या जाड शब्दकोशाखाली ते होतं, आणि कोश उचलायची वेळ आली की राव शब्दाचा अर्थ न बघताच काम भागवत.

मनस्विनी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची, पद्मावतीअक्काची नात. शहराबाहेर आनेकलला घरच्यांबरोबर राहायची आणि तिथून रोज कंपनीच्या बसने ऑफिसला जायची. तिचं मराठी घरातलं, चार शब्दांत एक कन्नड. लिहायची सवय तर नव्हतीच. तरी तिने हे पत्र हाताने लिहिलं होतं, ओळी वरखाली होत, कारण रघूआजोबा फोनवर 'हं' पलीकडे बोलत नाहीत हे सगळ्या नात्यात ठाऊक होतं. समोरासमोर त्याहून कमी. कागदावर मात्र ते मोकळे होतात, असा त्यांचा लौकिक होता.

हा लौकिक चामराजपेटेतल्या मराठी मंडळाने करून दिलेला. मंडळाच्या छोट्याशा हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी वाद चाले. विषय रोजच्या जगण्यातले. स्कूटरवर मागे बसणाऱ्याला हेल्मेटची सक्ती असावी का, गल्लीत कॅमेरे लावावेत का, भटक्या कुत्र्यांचं काय करायचं, पोरांच्या हातात फोन कुठल्या वयात द्यायचा. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं हे चिठ्ठी काढून ठरे, आणि चिठ्ठीत येईल ती बाजू जन्मापासून आपलीच असल्यासारखी लढवायची, हा तिथला जुना शिरस्ता. रघुनंदनराव कधी व्यासपीठावर चढले नाहीत. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झालेली. चार माणसांसमोर उभं राहिलं की घशाला कोरड पडायची. पण दोन्ही बाजूंची टिपणं तेच लिहून देत. कागदाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे बाजूने, उजवीकडे विरुद्ध. मग मागच्या बाकावर बसून ते आपल्याच वाक्यांची आपल्याच वाक्यांशी चाललेली मारामारी ऐकत, आणि त्यांना दोन्हीकडची वाक्यं खरी वाटत. त्यांचं स्वतःचं मत काय, हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कोणी विचारतही नसे. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरीही विचारणारं कोणी नव्हतं.

मनस्विनीने नेमकं तेच विचारलं होतं. 'रघूआजोबा,' तिने लिहिलं होतं, 'तुम्ही सगळ्यांना दोन्ही बाजू लिहून देता. मला एकच द्या.'

गोष्ट अशी होती की अक्काला विसरायला होऊ लागलं होतं. आधी गॅस, मग नावं, मग घर. दोनदा ती फाटकाबाहेर पडून बस स्टँडपर्यंत गेली होती आणि ओळखीच्या माणसाने परत आणून सोडली होती. मनस्विनीने मग ते यंत्र मागवलं. काळं बटण, दोरीत ओवून गळ्यात घालायचं; माणूस कुठे आहे ते फोनवरच्या नकाशात ठिपक्याने दिसायचं. अक्काने ते मुकाट घातलं. पण शेजारच्या कोणी म्हटलं, गाईच्या गळ्यात बांधतात तसं दिसतंय, आणि ते मनस्विनीच्या जिव्हारी लागलं. चिकपेटेत चांदीचं काम करणाऱ्याकडे जाऊन तिने त्या बटणाला नक्षीचं कोंदण करून घेतलं, साखळी घेतली. आता ते सुरेख लॉकेट झालं. रात्री ते चार्जिंगला लावायचं आणि सकाळी ऑफिसला जाताना आजीच्या गळ्यात घालायचं.

तिचा प्रश्न होता, हे बरोबर आहे का. माणूस म्हातारं झालं, विसरू लागलं, म्हणून त्याच्यावर अशी नजर ठेवायची? त्याने नको म्हटलं तर? बाबा म्हणतात त्यात विचारायचं काय, लहान मुलाला विचारतो का आपण. घरचे आजोबा म्हणतात, तिला शोभेल असं वागा. 'तुम्ही सांगाल ते मी करीन,' असं म्हणून तिने सही केली होती. खाली ताजा कलम होता: 'आजी ते लॉकेट काढते आणि देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेच्या गळ्यात घालते. विचारलं तर म्हणते, उद्या घालीन. रोज हेच. असं का करते, तुम्हाला काही माहीत आहे का? मला वाटतं तिला ते नको आहे आणि तोंडावर नाही म्हणवत नाही.'

रघुनंदनराव त्याच दुपारी कागद घेऊन बसले होते. मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, जीव वाचला तर मान पुढे राखता येतो. उजवीकडे लिहिलं, मान गेला तर वाचलेला जीव कोणाचा. आईवडिलांच्या सांभाळाचा कायदा त्यांनी पुन्हा वाचला. खाजगीपणाच्या हक्काबद्दलची कात्रणं काढली. विसरलेल्या माणसाची संमती कुठल्या दिवसाची धरायची, यावर दोन पानं झाली. रेघेच्या दोन्ही बाजू सारख्याच भरत गेल्या. एकच बाजू मागितली होती आणि ती काही निघेना. आठवडे गेले. मग इतका उशीर झाला की उशिराबद्दल काय लिहायचं हाच एक वेगळा प्रश्न होऊन बसला, आणि पत्र कोशाखाली गेलं.

उत्तराची वाट पाहून मनस्विनीने आपल्यापुरता मार्ग काढला. ती गेल्यावर थोड्या वेळाने आजोबांनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, विश्वेश्वरभावजींनी, देव्हाऱ्यातून लॉकेट उचलायचं आणि अक्काच्या गळ्यात पुन्हा घालायचं. भावजींचं अक्का ऐकायची. संध्याकाळी मनस्विनी परतली की लॉकेट आजीच्या गळ्यात दिसे. प्रश्न मिटला असं तिला वाटलं.

श्रावणातल्या एका दिवशी भावजींना ताप होता. गोळी घेऊन ते पडून राहिले.

त्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या कॉफीपुडीच्या दुकानातला मंजुनाथ रघुनंदनरावांच्या दारात येऊन उभा राहिला. नेहमी हसत बोलणारा माणूस, आज पायरीवर चप्पल न काढताच आत आला. "सर, बन्नी, चला," तो म्हणाला. "तुमची अक्का."

अक्का त्याच्या दुकानापुढच्या बाकावर आडवी होती. रस्ता ओलांडताना उलट्या दिशेने आलेल्या स्कूटरचा धक्का लागला होता. रक्त फारसं नव्हतं. एका पायात चप्पल नव्हती, आणि पदराच्या गाठीतून बायकांना बसमध्ये मिळतं ते फुकटाचं तिकीट डोकावत होतं. आनेकलहून मार्केट. मार्केटपासून ती चालत आली असणार, वळणं न चुकता. नातवंडांची नावं विसरलेली बाई माहेरची वाट विसरली नव्हती. ज्या घरात तिचा जन्म झाला ते घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, आणि त्या घरात आता फक्त रघू होता.

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "रघू, उन्हात कशाला आलास?" असं ती म्हणाली. तेवढंच.

मंजुनाथ रिक्षा आणायला धावला. रावांनी अक्काचं डोकं मांडीवर घेतलं, वाकताना चष्मा पडला, त्याची एक काच तडकली. तशाच काचेतून आकडे शोधत त्यांनी मनस्विनीला फोन लावला.

"मनू, अक्का इथे आहे."

"कुठे?"

"इथे. माझ्याजवळ."

पलीकडे ती थोडी हसली. कामात होती, मागे माणसांचे आवाज येत होते. "नाही हो आजोबा, तुम्हाला दुसरंच कोणीतरी दिसलं असणार. आजी घरी आहे. मघाशी शेजारच्या गंगव्वाअक्कांचाही फोन आला, अक्का दिसत नाहीत म्हणून. मी त्यांना म्हटलं, गच्चीवर बघा, मागे बघा, घरातच आहे ती. हे बघा, आत्ता माझ्यासमोर आहे. आमच्या घरावरच आहे ठिपका."

रघुनंदनरावांनी मांडीवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हनुवटीवरचा तीळ, लहानपणी देवीच्या आजाराने कपाळावर राहिलेला व्रण. आणि तरीही, सगळा जन्म स्वतःवर शंका घेत आलेल्या त्या माणसाला क्षणभर वाटून गेलं की आपलंच चुकत असेल. पोरगी शिकलेली आहे. तिच्यासमोर दिसतं आहे.

"हं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा फोन हॉस्पिटलमधून मंजुनाथने केला. तोवर सांगण्यासारखं एकच उरलं होतं.

आनेकलच्या घरी पुढचे दिवस माणसं येत राहिली आणि जो येई तो आपलं मत घेऊन येई. शनिवारचा हॉलच जणू तिथे उठून आला होता, फरक इतकाच की इथे चिठ्ठ्या नव्हत्या. ज्याची जी बाजू, ती खरोखरच त्याची होती. अक्काचा मुलगा गिरीराज यंत्राचं खोकं मांडीवर घेऊन बसायचा. त्यावर छापलं होतं, आपल्या माणसाची सुरक्षितता आपल्या हाती. तो म्हणायचा, मी ग्राहक न्यायालयात जाणार. मंडळाचे चिटणीस महांतेश भेटायला आले होते. मूळचे बेळगावकडचे, बोलायला मोकळे. त्यांनी खोक्यातला बारीक अक्षरातला कागद वाचून काढला आणि केस उभी राहणार नाही काय की हो, असं हळूच सांगितलं. कोणी म्हणालं, स्कूटरवाल्यांना लगाम नाही. कोणी म्हणालं, बायकांना बस फुकट नसती तर कंडक्टरने हटकलं असतं, पैसे आहेत का विचारलं असतं, तिथेच कळलं असतं. त्यावर गंगव्वा चिडली. बस फुकट झाली म्हणून आमच्यासारख्या चार बायका जगात हिंडताहेत, त्याच्यावर नका घालू, असं तिने सुनावलं. मग कोणीतरी म्हणालं की फाटकाला कुलूप घातलं असतं तर हे काहीच झालं नसतं.

भावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडल्या पडल्या ते म्हणाले, "कुलपात ठेवायला ती काय तिजोरी होती?" मग पुढे म्हणाले, "मी गोळी घेऊन झोपलो. त्याच्यावर बोला ना कोणी."

त्याच्यावर कोणी बोललं नाही. गिरीराजने पुन्हा कंपनीचं काढलं, यंत्रात बिघाड होता हे सिद्ध करता येईल म्हणाला. तेव्हा इतका वेळ दाराशी बसलेली मनस्विनी बोलली.

"लॉकेट नीट चालत होतं, बाबा. लॉकेट घरीच होतं."

तिच्या आवाजात चढउतार नव्हता. "तिला ते नको होतं. रोज काढत होती. मी आजोबांच्या हातून जबरदस्तीने घालत राहिले. आणि गंगव्वाअक्कांनी डोळ्यांनी पाहून सांगितलं तेव्हा मी फोन बघून त्यांना खोटं ठरवलं."

गंगव्वा पदर डोळ्याला लावून म्हणाली, "माझाबी फोनवरच विश्वास बसला की गं. मी गच्चीवर जाऊन हाका मारत बसले."

रघुनंदनराव परत निघाले तेव्हा मनस्विनी फाटकापर्यंत आली. तिने विचारलं, माझं पत्र मिळालं होतं का. ते "हं" म्हणाले. ती थांबली. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली.

"दोन्ही बाजू लिहीत बसला असाल," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. "राहू द्या आता."

त्यानंतर आनेकलच्या बातम्या भावजींच्या फोनवरून येत. पोरगी कामावर जात नाही. जेवायला बसते आणि उठते. फोन तिने कपाटात ठेवून दिला आहे. "म्हणते," भावजी एकदा सांगत होते, "मी आजीच्या गळ्यात दावं बांधलं आणि ते सोडून ती निघून गेली. माझ्यापासून पळाली ती. रघू, तुझं वाचन आहे, तू काहीतरी सांग रे तिला." राव "हं" म्हणाले. काय सांगणार? त्यांनाही तेच खरं वाटत होतं. अक्काला नको होतं. नकोशी गोष्ट कोणी रोज सकाळी आपल्या गळ्यात घालावी, याहून मोठा अपमान कुठला, हे त्यांच्याच रेघेच्या उजवीकडे लिहिलेलं होतं.

महांतेशांनी मंडळात विषय ठेवायचं सुचवलं. घरातल्या वृद्धांवर यंत्राने लक्ष ठेवावे का. अक्कांच्या स्मरणार्थ, लोकांच्या उपयोगी पडेल, अण्णा तुम्हीच टिपणं द्या, म्हणाले. माणूस वाईट नव्हता, मनापासून बोलत होता. राव म्हणाले, डोळ्यांना नीट दिसत नाही, चष्मा फुटलाय. एवढं लांब वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांत उच्चारलं नव्हतं.

चष्मा खरंच फुटलेला होता. तडकलेल्या काचेतून ते महिनाभर वाचत होते. शेवटी मंजुनाथने त्यांना धारेवर धरलं, पायरी चुकून पडलात तर मला पुन्हा रिक्षा आणायला लावाल, म्हणाला, आणि स्वतः मेट्रोत बसवून चिकपेटेला घेऊन गेला. नंबर काढला, फ्रेम निवडली. आठवड्याने चष्मा तयार झाला तो राव एकटेच जाऊन घेऊन आले.

दुपार होती. घरात शिरून त्यांनी पाय धुतले, पिशवीतून नव्या चष्म्याचं खोकं काढलं, कोनाड्यातल्या देवीपुढे ठेवलं, आणि जुनाच चष्मा डोळ्यांवर चढवून वर्तमानपत्र घेऊन बसले. मंजुनाथने दारातून डोकावून विचारलं, काय सर, आणला का, बघू घालून.

"उद्या घालीन," रघुनंदनराव म्हणाले.

मंजुनाथ सरी सरी, बरं बरं, म्हणत गेला. रावांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं.

ते उठून कोनाड्यापाशी गेले. खोकं देवीपुढे होतं. ते तिथे ठेवायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. हाताने आपण होऊन ठेवलं होतं, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या सवयीने. या घरात नवी वस्तू आली की एक रात्र ती देवीपुढे राहायची. अक्काच्या बांगड्या, रघूची कंपासपेटी, वडिलांचं घड्याळ. दागिना असेल तर देवीच्या अंगावरच चढायचा. अक्का वाट बघून बघून रडकुंडीला यायची, आणि आई म्हणायची, आधी तिला, मग तुला. सकाळी आंघोळ करून आलं की आई तो दागिना उचलून अक्काच्या गळ्यात घालायची. आई गेली आणि ही रीत आपोआप थांबली. म्हणजे मोडली कोणी नाही; घरात नवीन असं काही आलंच नाही. पुस्तकं यायची तीही जुन्या बाजारातली.

आणि अक्काला लग्नात आईने जी अन्नपूर्णा बरोबर दिली, ती आनेकलच्या देव्हाऱ्यात होती. बोटभर उंचीची. सासरच्यांना माहेरची ही रीत माहीत असायचं कारण नव्हतं.

राव खाली बसले. पोरीने बटण चांदीत मढवून आणलं आणि त्याचा दागिना झाला. दागिना आधी देवीचा. रात्र गेली की आपण घालायचा. पण अक्काची रात्र गेली की तिच्याबरोबर आदला दिवसही जात होता. सकाळी नात पुन्हा तोच दागिना गळ्यात घालायची आणि अक्काला तो पुन्हा नवा. किती आवडला असेल तिला. रोज तितकाच. रोज ती तो काढायची, बोटभर अन्नपूर्णेच्या गळ्यात घालायची, मूर्ती त्यामागे झाकून जात असेल, आणि म्हणायची, उद्या घालीन.

कोशाखालून त्यांनी पत्र काढलं आणि ताजा कलम वाचला. असं का करते, तुम्हाला काही माहीत आहे का?

साऱ्या पत्रात तेवढा एकच प्रश्न होता ज्याचं उत्तर जगात फक्त त्यांना माहीत होतं. कायदा लागत नव्हता, कात्रणं लागत नव्हती. एका कार्डावर मावलं असतं. त्या प्रश्नावर त्यांची नजर थांबलीच नव्हती.

बराच वेळ ते रडत होते. मग सवयीने त्यांनी कागद ओढला आणि मधोमध रेघ मारली. सांगावं. पोरीला कळेल की आजी तिच्यापासून पळाली नाही. सांगू नये. तिला हेही कळेल की काळं बटण आजी गुमान घालत होती, चांदीचं झालं तेव्हाच ते देव्हाऱ्यात गेलं; म्हणजे तिच्या मायेनेच घात केला. एक काटा काढून दुसरा टोचायचा. शिवाय, आणि हे लिहिताना त्यांचं अक्षर बारीक झालं, तिला कळेल की हे तिने विचारलं होतं आणि विचारलेल्या माणसाने सांगितलं नाही. पुन्हा दोन्ही बाजू भरत चालल्या. उजवीकडची शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. त्यांच्या लक्षात आलं की ती मनस्विनीसाठी लिहिलेली नाही.

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. त्याच्यावर रेघ मारली नाही.

'चि. मनू, अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला असं लिहिलं तर ती लबाडी होईल. उत्तर माझ्याजवळ पहिल्या दिवसापासून होतं, मी ते पाहिलं नाही.

आमच्या घरात नवा दागिना आधी देवीच्या अंगावर एक रात्र राहतो. मग आपण घालायचा. ही आमच्या आईची रीत. अक्का लॉकेट परत करत नव्हती. तिला ते फार आवडलं होतं. आदला दिवस तिला आठवत नव्हता, म्हणून तू रोज सकाळी दिलंस तेव्हा रोज तिला ते नवं मिळालं, आणि रोज तिने ते आधी अन्नपूर्णेला दिलं. उद्या घालीन हा आमच्या घरात नकार नसतो.

त्या दिवशी ती पळाली नाही. आपल्या घरी येत होती. मला पाहून रघू म्हणाली.

काळं बटण तिला दागिना वाटलं नाही म्हणून ते तिच्या गळ्यात राहिलं. चांदीचं केलंस म्हणून देव्हाऱ्यात गेलं. हे तुझ्या लक्षात येईलच, तेव्हा मीच सांगतो. तू ते मायेने केलंस आणि तिने मायेने घेतलं. मधली एक गोष्ट तुला माहीत नव्हती. ती तू मला विचारलीस, ताज्या कलमात. मी बाकी साऱ्या पत्रावर विचार करत बसलो. दोष द्यायचाच असेल तर तो इथे दे, पत्ता तुझ्याजवळ आहे.

तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून माहीत नाही.

भावजींना हे वाचून दाखव. दोन घास जेव. फोन केलास तर हं च्या पलीकडे बोलायचा प्रयत्न करीन.

तुझा रघूआजोबा'

त्यांनी पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, पत्ता घातला. पत्ता लिहिताना पद्मावतीचं नाव येता येता राहिलं. इतकी वर्षं आनेकलला पत्र म्हणजे अक्कालाच असे. शाई वाळेपर्यंत ते थांबले आणि पाकीट घेऊन उठले.

हात कोनाड्याकडे निघाला होता. नवं होतं ना ते. देवीपुढे चष्म्याच्या खोक्याशेजारी जागाही होती. एक रात्र राहिलं असतं, सकाळी आंघोळ करून टाकता आलं असतं, आणि सकाळी ते टाकलं गेलं नसतं हे त्यांना स्वतःइतकं कोणाला ठाऊक होतं?

राव थबकले. मग देवीकडे पाठ करून तडकलेल्या चष्म्यानिशी रस्त्यावर आले. मंजुनाथच्या दुकानापुढून जाताना त्यांनी बाकाकडे पाहिलं नाही. दोन्हीकडून गाड्या येत होत्या. ते उजवीकडे पाहत, डावीकडे पाहत, पुन्हा उजवीकडे पाहत बराच वेळ उभे राहिले आणि मग ओलांडून गेले. पोस्टाचं दार बंद व्हायला आलं होतं. बाहेरची तांबडी पेटी आज उघडून झाली का, असं त्यांनी आतल्या माणसाला विचारलं, जरा मोठ्याने, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नव्हता. अजून व्हायची आहे, तो म्हणाला.

त्यांनी पाकीट फटीत सरकवलं, बोटांच्या टोकांनी क्षणभर धरून ठेवलं, आणि सोडलं.